विल्यम लॅसल

विल्यम लॅसल (जन्म : बोल्टन, इंग्लंड, १८ जून १७९९, मृत्यू : मेडनहेड, इंग्लंड, ५ ऑक्टोबर १८८०) हे इंग्लिश हौशी खगोलशास्त्रज्ञ होते. नेपच्यूनचा सर्वांत मोठा उपग्रह ट्रायटन त्यांनी शोधला.

जीवन

लॅसल यांचा लिव्हरपूल येथे बिअर गाळण्याचा व्यवसाय होता. त्यात मिळालेला पैसा त्यांनी दुर्बिणींवर खर्च केला. तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे ते स्वतः घडवीत. घासकामासाठी त्यांनी यंत्रही तयार केले. त्यांच्या २४ इंची परावर्ती दुर्बिणीची मांडणी अशी होती की, आकाशाच्या गतीबरोबर तिला सहज फिरवता येई.

संशोधन

नेपच्यूनचा शोध २३ सप्टेंबर १८४६ रोजी लागला. अवघ्या १७ दिवसांनी, १० ऑक्टोबरला, लॅसल यांना ट्रायटन दिसला. १८४८ साली शनीचा हायपेरियन (अमेरिकेतील बाँड पितापुत्रांच्या शोधापासून स्वतंत्रपणे) आणि १८५१ साली युरेनसचे एरियल व अंब्रिएल हे उपग्रह त्यांनी शोधले.

याच काळात नेपच्यूनभोवती कडे दिसल्याचेही त्यांनी जाहीर केले होते. पुढे माल्टा बेटावरील निरीक्षणांत दुर्बिणीची नळी फिरवली की कड्याची दिशाही बदलते, असे त्यांच्या ध्यानात आले. कडे आकाशात नसून दोष उपकरणात होता. त्यांनी तो दावा सोडून दिला. नेपच्यूनला कडी आहेत. परंतु ती इतकी अंधूक आहेत की, त्या दुर्बिणीतून दिसणे शक्य नव्हते.

१८६१ ते १८६५ या काळात माल्टातच ४८ इंची दुर्बिणीने त्यांनी सहकारी अल्बर्ट मार्थ यांच्यासह सुमारे ६०० नव्या तेजोमेघांची नोंद केली. १८७० ते १८७२ या काळात ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

ट्रायटनवरील हिम

लॅसल यांना ट्रायटन हा केवळ एक प्रकाशबिंदू म्हणून दिसला. त्याचे खरे रूप १९८९ साली व्हॉयेजर २ या यानाने दाखवले. तेथील तापमान सुमारे उणे २३५ अंश सेल्सिअस आहे. उन्हाळी गोलार्धातील नायट्रोजनचे हिम वायुरूप होते आणि हिवाळी गोलार्धात पुन्हा गोठते. या देवाणघेवाणीवरच तेथील विरळ वातावरण टिकून आहे. त्याचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे सत्तर हजाराव्या भागाइतका भरला. नेपच्यूनचे वर्ष सुमारे १६५ वर्षांचे असल्याने तेथील एकेक ऋतू चाळीस वर्षांहून अधिक काळ चालतो. ट्रायटनच्या शोधानंतर नेपच्यूनची सूर्याभोवतीची पहिली प्रदक्षिणा २०११ साली पूर्ण झाली.