रेव्हरंड ना. वा. टिळक : धर्मोपदेशक आणि त्याचा श्रोता

नारायण वामन टिळक यांची मराठी वाङ्मयेतिहासातील ओळख प्रामुख्याने ‘फुलांमुलांचे कवी’ अशी आहे. त्यांच्या धर्मोपदेशाच्या कार्याचा उल्लेख बहुधा चरित्रातील एक तपशील म्हणून केला जातो. वस्तुतः उपदेशकाने कोणत्या वाणीत बोलावे आणि मंडळीने कोणत्या वृत्तीने ऐकावे, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील मध्यवर्ती प्रश्न होता. त्यांची भजने, अभंग आणि ‘ख्रिस्तायन’ यांचा विचार या प्रश्नापासून अलग करता येत नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणीच मातृवियोग घडला आणि लवकरच घरही सुटले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. शिक्षक, पुरोहित, छापखान्यातील जुळारी असे व्यवसाय करीत त्यांनी पुष्कळ भ्रमंती केली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाची भेट झाली आणि त्याने दिलेला ‘नवा करार’ त्यांनी वाचावयास घेतला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. ख्रिस्ती उपदेशाशी त्यांचा निर्णायक संबंध असा ग्रंथातून आला. परंतु तो उपदेश डोंगरउतारावर, उघड्या आकाशाखाली, जमलेल्या लोकांसमोर झालेला होता, ही बाब अर्थपूर्ण आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची पहिली आणि सर्वांत कठीण श्रोती त्यांच्या घरातच होती. पत्नी लक्ष्मीबाईंना हे धर्मांतर मान्य नव्हते आणि पतिपत्नींना काही वर्षे विभक्त राहावे लागले. पुढे त्या टिळकांकडे आल्या. पण जातिभेदाविषयीचा आपला दृष्टिकोन बदलला तो स्वतःच्या विचारांती, आणि नंतरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा प्रवास कसलाही आव न आणता सांगितला आहे. उपदेश श्रोत्यावर लादता येत नाही, तो श्रोत्याच्या ठायी उमलावा लागतो, हा धडा टिळकांना संसारातच मिळाला असे म्हणता येते.

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर येथील कार्यात टिळक अध्यापक, कवी आणि पाळक म्हणून सहभागी झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. त्या काळी मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचे मोठे प्रस्थ होते. पाळकाने व्यासपीठावरून बोलावे आणि मंडळीने निश्चल बसून ऐकावे, असा प्रघात होता. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग करून वेगळी वाट दाखविली होती. टिळकांनी त्या वाटेला काव्याचे आणि भक्तिपरंपरेचे अधिष्ठान दिले. तुकारामांच्या अभंगवाणीनेच आपल्याला ख्रिस्तचरणी पोहोचविले, अशी त्यांची धारणा होती.

कीर्तन हा प्रवचनाला दिलेला केवळ गानरूप पेहराव नव्हे. पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान यांच्या सांध्यावर श्रोत्यांनी ध्रुपद उचलावयाचे असते. ते उचलले गेले नाही, तर निरूपण पोहोचले नाही हे वक्त्याला तत्काळ कळते. अशा रीतीने वक्त्याची परीक्षा सभेतच होते आणि श्रोता सहकर्ता ठरतो. टिळकांच्या भजनांतील सुटसुटीत ध्रुपदे आणि बोलीला जवळची शब्दकळा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. निरक्षर श्रोत्यालाही उपासना संपल्यावर ते पद कंठस्थ करून घरी नेता येत असे. गद्य प्रवचनाला ही सोय नाही.

येथे एक सामाजिक संदर्भ विसरता येत नाही. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांमध्ये महार व मांग समाजांतून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये खुले झाले. म्हणजे टिळकांच्या हयातीत या श्रोत्यांना अशा देवळांच्या दारातून आत पाऊल टाकता येत नव्हते. वारकरी परिभाषा चोखामेळ्याच्या वारशाने त्यांची होती आणि मंदिराच्या उंबरठ्याने परकीही होती. टिळकांच्या भजनाने तीच भाषा त्यांना उपासनागृहात, समोर बसून, हक्काने गाण्यास दिली. मात्र ही निवड एका संस्कृतज्ञ ब्राह्मण कवीने केलेली होती. या समाजांच्या स्वतःच्या लोकगीतपरंपरेला तीत कितपत स्थान मिळाले, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारावयास हवा.

वाणी बदलली तरी वक्त्याचे स्थान बदलल्याविना ऐकणाऱ्याचा विश्वास मिळत नाही, याची जाणीव टिळकांना अखेरच्या पर्वात तीव्रतेने झाली. वेतनभोगी मिशनसेवकाचा शब्द हिंदू श्रोत्याला परकीयांचा वाटे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी तेथे एकत्र यावे, ही त्यांची कल्पना होती. मंडळीची सीमारेषाच त्यांनी अशा प्रकारे रुंदावली. तथापि या प्रयोगाला पुरेसा अवधी लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही.

टिकली ती पदे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त टिळकांची रचना विपुल आहे. त्यांनी अपूर्ण ठेवलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. एके काळी ज्या स्त्रीने ऐकण्यास नकार दिला होता, तिनेच हे निरूपण शेवटास नेले. उपदेशाची सिद्धी श्रोत्याच्या मौनात नसून त्याला स्वतःची वाणी लाभण्यात आहे, हे टिळकांचे सूत्र याहून अधिक स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच प्रत्ययास येते.