शंकर पुरुषोत्तम आघारकर

वैशाखातले ऊन बालाघाटाच्या माळावर तापू लागले, म्हणजे बीड जिल्ह्याचा बराचसा भाग करपून गेल्यासारखा दिसतो. ओढ्यांची पात्रे कोरडी पडतात, शेते उघडी होतात, गवत पिवळे पडून मोडू लागते. परंतु खाली पाहत चालणाऱ्याला याच माळावर पुष्कळ काही आढळते. वाटेच्या कडेला रुईला जांभळट फुले आलेली असतात. तिच्या जाड पानांवर एखादी पट्टेरी अळी चरत असते. तीच पुढे नारिंगी पंखांचे फुलपाखरू होते. बाभळीखाली शेळ्या शेंगा शोधत हिंडतात, आणि वाळलेल्या सराट्याचे काटे अनवाणी चालणाऱ्याला आपली ओळख पटवतात. आज अशा फुलाचे किंवा किड्याचे छायाचित्र घेणे हे क्षणाचे काम झाले आहे. खरा प्रश्न छायाचित्र घेतल्यानंतर उभा राहतो. हा जीव मूळचा कोठला? तो येथे कसा आला? याच प्रश्नांचा ध्यास घेतलेला एक मोठा शास्त्रज्ञ महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. 1909 साली ते एम. ए. झाले आणि त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी शिकवण्याचे काम बहुधा पुस्तकावरून व फळ्यावरूनच चाले. आघारकरांचे मन तेवढ्यावर रमेना. सवड मिळाली की ते सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत जात आणि तेथील वनस्पती व लहानसहान प्राणी गोळा करीत.

असे नमुने गोळा करणे म्हणजे केवळ हौस नव्हे. ती मोठ्या चिकाटीची गोष्ट आहे. आणलेली वनस्पती ताजी असतानाच टिपकागदात घालून दाबावी लागते. कागद ओलसर झाला की बदलावा लागतो, नाही तर बुरशी चढून साऱ्या श्रमांचे मातेरे होते. मऊ अंगाचे प्राणी औषधी द्रवाच्या बाटलीत ठेवावे लागतात. आणि प्रत्येक नमुन्याबरोबर तो कोठे व कोणत्या दिवशी सापडला, याची चिठ्ठी हवी. चिठ्ठी हरवली तर सुंदरातल्या सुंदर नमुन्याचेही मोल जाते. छायाचित्रांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

या भटकंतीत आघारकरांच्या दृष्टीस एक विलक्षण जीव पडला. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना व वेण्णा या कृष्णेच्या उपनद्या वाहतात. पावसाळ्यात त्यांचा लोट भयंकर असतो. उन्हाळ्यात मात्र धार बारीक होते आणि खडकांमधल्या डोहांत पाणी संथ राहते. अशा पाण्यात लहान नाण्याएवढे, काचेसारखे पारदर्शक जीव तरंगताना आढळले. उघडलेल्या छत्रीसारखे त्यांचे अंग मिटे आणि पुन्हा उमले. ते जेलीफिश होते! जेलीफिश हा बहुतांशी समुद्रातला प्राणी. किनाऱ्यापासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे, नदीच्या गोड्या पाण्यात तो कसा यावा?

आघारकरांच्या या शोधाची माहिती कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनंडेल यांच्यापर्यंत पोहोचली. 1911 साली अनंडेल यांनी या जीवाला लिम्नोक्निडा इंडिका असे शास्त्रीय नाव दिले. त्याचे निकटचे भाऊबंद तोपर्यंत केवळ आफ्रिका खंडात, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी ठाऊक होते. मध्ये एवढा अफाट समुद्र, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गोड्या पाण्यात राहणारी एकाच घराण्यातली ही मंडळी! त्यामुळे या इवल्याशा प्राण्याने साऱ्या जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले. 1912 साली आघारकरांनी ग्रेव्हली या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्याच्या राहणीविषयी लेख प्रसिद्ध केला. नदीकाठच्या लोकांनी हे डोह शेकडो वर्षे पाहिले असतील. त्यांत वाकून पाहण्याचे काम एका तरुण अध्यापकाच्या वाट्याला आले.

याच सुमारास कलकत्त्यात एक मोठी घटना घडली. रासबिहारी घोष या विख्यात कायदेपंडितांनी 1913 साली विद्यापीठाला दहा लक्ष रुपये दिले. त्यातून विज्ञानाची चार अध्यासने निर्माण झाली आणि त्यांवर भारतीय प्राध्यापकच नेमावेत, अशी त्यांची अट होती. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत या अटीला फार मोठा अर्थ होता. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी आघारकरांची निवड झाली, आणि पुढील अभ्यासासाठी 1914 साली ते जर्मनीला गेले.

ते तेथे असतानाच पहिले महायुद्ध भडकले. आघारकर हे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. म्हणून जर्मनांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ज्या साम्राज्याने त्यांचा देश ताब्यात ठेवला होता, त्याच साम्राज्याच्या नावाने त्यांना काही काळ स्थानबद्धता सोसावी लागली. घर दूर, मार्ग बंद, युद्ध केव्हा संपेल याचा अंदाज नाही. दुसरा एखादा खचून गेला असता. आघारकरांनी आपला अभ्यास सोडला नाही. बर्लिन येथे त्यांनी आपला प्रबंध पुरा केला आणि 1919 साली डॉक्टरेट मिळवली.

त्या प्रबंधाचा विषय मोठा मनोरंजक आहे. भारताच्या वायव्य भागातील कोरड्या व खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती कोणत्या साधनांनी पसरतात आणि त्यांचे मूळ स्थान कोणते, याचा शोध त्यांनी त्यात घेतला होता. वनस्पतीला पाय नसतात. तरी तिचे बी प्रवास करतेच. बीड जिल्ह्यातील माळावरच्या ओळखीच्या झाडाझुडपांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. रुईचे बोंड उकलले की रेशमासारख्या तंतूंचा झुबका बांधलेले बी वाऱ्यावर निघून जाते. सराटा आपल्या काट्यांनी जनावराच्या खुरात अथवा माणसाच्या वहाणेत रुततो. आघाड्याची फळे धोतराला व लुगड्याला चिकटून गावापर्यंत येतात. बाभळीच्या शेंगा शेळीने खाल्ल्या, तरी कठीण कवचाची पुष्कळ बीजे तिच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि दूरच्या रानात रुजतात. कुसळी गवताची तऱ्हा तर सर्वांत न्यारी! त्याच्या पिळदार कुसळाला ओल लागली की ते फिरू लागते आणि टोकाचे बी जमिनीत शिरते. मेंढपाळांना मात्र ही हुशारी मुळीच आवडत नाही, कारण तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत व कातडीतही शिरते.

1920 साली आघारकर मायदेशी परतले. पुढील सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या सरचिटणीसपदाचा भारही त्यांनी वाहिला.

1946 साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. हे खरे तर विश्रांतीचे दिवस. परंतु महाराष्ट्रात स्वतंत्रपणे संशोधन करणारी संस्था असावी, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेची स्थापना झाली, आणि तिचे पहिले संचालक म्हणून आघारकरांनी तिची जबाबदारी पत्करली. आरंभी संस्थेला स्वतःची वास्तू नव्हती आणि पैशाची चणचण नित्याची होती. अशा स्थितीतही त्यांनी तरुण संशोधक जमवले. 2 सप्टेंबर 1960 रोजी त्यांचे निधन झाले; तोपर्यंत संचालकपद त्यांच्याकडेच होते.

त्यांच्या मागे संस्था वाढत गेली. तेथे वाळवून जतन केलेल्या वनस्पतींचा व बुरशींचा मोठा संग्रह आहे. द्राक्षे, गहू आणि सोयाबीन या पिकांचे वाणही तेथे तयार झाले. बीड, लातूर या भागांत सोयाबीनचा पेरा मोठा आहे. बियाण्याच्या पिशवीवर वाणाच्या नावाआधी कधी कधी एम.ए.सी.एस. अशी अक्षरे आढळतात. ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. 1992 साली या संशोधन संस्थेला तिच्या संस्थापकांचे नाव देण्यात आले, आणि तेव्हापासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.