जे. सी. कुमारप्पा : एका संशोधकाचा प्रवास

साहित्याच्या विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीचा परिचय बहुधा पाठसंपादन व कालनिश्चिती यांच्या उदाहरणांतून होतो. तथापि साधने, व्याप्ती आणि निष्कर्ष या मूलभूत संकल्पना समजून घेण्यास वर्धा येथे दीर्घकाळ कार्य केलेल्या कुमारप्पांचे चरित्रही उपकारक ठरते.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत हिशेबतपासनीसाचा व्यवसाय केला. पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सेलिगमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भारताचा सार्वजनिक अर्थव्यवहार आणि दारिद्र्य यांचा संबंध अभ्यासला. अशा विषयाची साधने म्हणजे मुख्यत्वे छापील अहवाल व अंदाजपत्रके.

१९२९ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम त्यांच्याकडे आले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह त्यांनी ५४ गावांची पाहणी केली. तिचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे साधन बदलले. कागदावरील सरासरीच्या जागी प्रत्यक्ष शेतकऱ्याचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज आले. एक तालुका ही व्याप्ती लहान खरी. परंतु मर्यादित क्षेत्रामुळेच माहिती पडताळून पाहता येते.

डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस झाले आणि वर्ध्याची मगनवाडी त्यांचे कार्यक्षेत्र बनली. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांविषयी तेथे प्रयोग झाले. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी १९३९ मध्ये ६०६ खेड्यांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल सादर केला. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

कुमारप्पा तटस्थ नव्हते. ग्रामोद्योगांवर त्यांची निष्ठा होती. म्हणूनच त्यांचे लेखन वाचताना एक विवेक आवश्यक ठरतो. संशोधकाची भूमिका प्रश्नाची निवड ठरवू शकते. उत्तर मात्र साधनांतूनच निघावे लागते. पाहणीत आढळलेली वस्तुस्थिती आणि तीवरून सुचविलेला उपाय यांतील सीमारेषा वाचकाला स्पष्ट दिसली पाहिजे. लोकगीतांचे संकलन करणाऱ्या वा वऱ्हाडी बोलीचे नमुने टिपणाऱ्या अभ्यासकालाही हाच दंडक लागू पडतो.