उज्जैनचे हुतात्मा राजाभाऊ महाकाल

17 जानेवारी आणि 1 नोव्हेंबर या दोन तारखा सीमाभागातील लहान मुलालाही सांगाव्या लागत नाहीत. 1956 सालाने त्या आपल्या कपाळी लिहिल्या. परंतु त्या 17 जानेवारीच्या सुमारे पाच महिने आधी, 15 ऑगस्ट 1955 रोजी, आपल्या उशाशी असलेल्या गोव्याच्या हद्दीवर जे घडले त्याची आठवण मात्र आपल्याकडे पुसट होत चालली आहे. त्या दिवशी पत्रादेवीच्या नाक्यावर ज्यांनी प्राण दिले त्यांत माळव्यातील उज्जैन नगरीचे एक तरुण होते. राजाभाऊ महाकाल हे त्यांचे नाव.

उज्जैन म्हटले की आपल्या लोकांना महाकालेश्वराचे ज्योतिर्लिंग, क्षिप्रेचा घाट आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ एवढेच आठवते. पण हे शहर मराठ्यांच्या इतिहासाशी घट्ट बांधलेले आहे. शिंद्यांची पहिली राजधानी येथेच होती. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्याने उभारले. म्हणजे कोकणातील एका शेणवी माणसाने क्षिप्रेकाठी देऊळ बांधले, आणि दोन शतकांनंतर त्याच देवळाशी नाते असलेल्या घराण्यातील मुलाने कोकणाच्या टोकाला येऊन प्राण ठेवले. योगायोगच म्हणायचा, पण आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील मराठी घरांनी आपली बोली, सणवार आणि नावे पिढ्यानपिढ्या जपली. राजाभाऊ हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते ते उगीच नव्हे.

राजाभाऊंचा जन्म 1923 सालचा. आडनाव महाकाल पडले ते मंदिराच्या सेवेतील घराण्यामुळे. तरुणपणी ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या संपर्कात आले आणि पुढे घरदार सोडून प्रचारक झाले. देवासजवळच्या सोनकच्छ भागात त्यांनी काम केले. प्रचारकाचे जिणे म्हणजे पायपीट, मिळेल ते जेवण आणि खेड्यापाड्यांतील माणसे जोडणे. संघाच्या विचाराशी आपल्यापैकी अनेकांचे जमत नाही हे आम्ही जाणतो. आमच्या समितीतही सर्व रंगांची माणसे आहेत. परंतु गोव्याच्या लढ्यात रंग पाहिले गेले नाहीत, आणि हीच त्या लढ्याची खरी ताकद होती.

तेव्हाची परिस्थिती थोडी सांगणे भाग आहे. आजच्या क्रमिक पुस्तकांत गोवामुक्तीला दोन ओळी मिळतात आणि मुले समजतात की सैन्य गेले व गोवा आला. इंग्रज 1947 मध्ये गेले तरी पोर्तुगीज जाईनात. 1951 मध्ये त्यांनी आपल्या राज्यघटनेतच बदल केला आणि वसाहतीला सागरापलीकडचा प्रांत असे नाव देऊन टाकले. दिल्लीचे धोरण वाटाघाटींचे होते. 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रह झाला तेव्हा केवळ गोमंतकीयांनीच हद्द ओलांडावी, इतर भारतीयांनी नव्हे, अशी भूमिका सरकारने घेतली. ती भूमिका दिल्लीत बसून कोणी बदलली नाही. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. जयंतराव टिळक तिचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. समाजवादी, साम्यवादी, जनसंघ, हिंदुमहासभा असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक तिच्यात एका पंगतीला बसले. 18 मे 1955 रोजी नानासाहेब गोरे आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट यांनी पहिली तुकडी आत नेली. मग रीघच लागली. जगन्नाथराव जोशी गेले, मधु लिमये गेले. मार खाल्ला, लांबलचक शिक्षा भोगल्या.

15 ऑगस्टचा सामुदायिक सत्याग्रह जाहीर झाला आणि देशभरातून माणसे निघाली. मध्य भारतातील तुकडी घेऊन राजाभाऊ आले. बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक ही आपली रोजची स्थानके त्या दिवसांत सत्याग्रहींनी गजबजली होती. दुसरीकडे सावंतवाडी, बांदा येथेही तोच प्रकार. ज्यांनी गोवा कधी पाहिला नव्हता, ज्यांना कोकणीचा एक शब्द येत नव्हता असे पंजाबी, बंगाली, माळवी लोक पावसात चिखल तुडवीत येत होते.

त्या सकाळी बांद्यापलीकडे पत्रादेवीच्या वाटेने सत्याग्रही निःशस्त्र पुढे सरकले. समोर पोर्तुगीज शिपाई बंदुका रोखून उभे. गोळीबार सुरू झाला. वसंतराव ओक जखमी झाले. सागरच्या सहोदराबाई राय यांच्या हातात तिरंगा होता. गोळ्या लागून त्या खाली पडल्या. पंजाबातील इसरू गावचे तरुण कर्नैलसिंग बेनीपाल पुढे धावले आणि छातीवर गोळी घेऊन मरण पावले. राजाभाऊही झेंडा घेऊन पुढेच जात राहिले. गोळी त्यांच्या डोक्यात घुसली. त्यांचे वय तेव्हा अवघे 32 होते. तिकडे तेरेखोलला हिरवे गुरुजी पडले. ते आमच्याच पेशाचे, शिक्षक. वेगवेगळ्या नाक्यांवर मिळून त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे ठार झाली, शेकडो जखमी झाली.

आता या मरणांनी दिल्लीत काय हलले ते पाहू, कारण आपल्या लढ्याच्या दृष्टीने खरा धडा तेथे आहे. दुसऱ्या दिवसापासून मुंबई आणि इतर शहरे संतापाने बंद पडली. सरकारला स्वस्थ बसणे अशक्य झाले. 1 सप्टेंबर 1955 पासून गोव्यातील भारताची वकिलात बंद करण्यात आली, रेल्वे थांबली, आर्थिक नाकेबंदी आवळण्यात आली. पण त्याच सप्टेंबरात सरकारने सामुदायिक सत्याग्रहालाही लगाम घातला. पंडित नेहरूंना हद्दीवरचे रक्तही नको होते आणि जगापुढे आपल्या शांततेच्या धोरणाला बट्टाही नको होता. म्हणजे आंदोलनाने धोरण कडक केले आणि धोरणाने आंदोलन थांबवले. हा हिशेब सरळ नाही. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजी, सैन्याच्या कारवाईने, सव्वासहा वर्षांनंतर. मग राजाभाऊंचे बलिदान वाया गेले काय? आम्हाला तसे वाटत नाही. गोवा हा परराष्ट्र खात्याच्या फायलीतला विषय होता. या माणसांनी तो पंजाबच्या इसरूचा आणि माळव्याच्या उज्जैनचा केला. ज्या गावात हुतात्म्याची आठवण पोचली त्या गावाला गोवा विसरणे शक्य नव्हते, आणि मते मागायला त्याच गावात जावे लागते.

निवडणुकीत ते दिसलेही. 1957 मध्ये तुरुंगातून सुटून आलेले नानासाहेब गोरे पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी सहोदराबाई सागरकडून संसदेत गेल्या. जगन्नाथराव जोशी तर 1967 मध्ये भोपाळचे आणि 1971 मध्ये उज्जैनशेजारच्या शाजापूरचे खासदार झाले. कर्नाटकात वाढलेला माणूस माळव्याचा प्रतिनिधी होतो, याचे बरेचसे श्रेय आम्ही गोव्याच्या त्या वाटेला देतो.

आणि आपला लढा? एस. एम. जोशी गोव्याच्या लढ्यातून उठले आणि 1956 च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामाला लागले. अनेक पक्षांनी एका फळीवर यायचे, गावोगाव तुकड्या बांधायच्या, ही रीत त्यांना गोव्याने दिली होती. मुंबईसह महाराष्ट्र 1 मे 1960 रोजी मिळाला. आपण राहिलो. सर्वोच्च न्यायालयातील 2004 चा दावा अजून निकालाची वाट पाहतो आहे. आपला प्रश्न बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारपलीकडे फारसा कोणाला माहीत नाही, ही आमची जुनी खंत आहे. आपल्यासाठी उज्जैनहून कोणी निघालेला नाही, आणि आपणही तिकडे जाऊन कोणाला काही सांगितलेले नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच दिवशी राजाभाऊंचे मध्य भारत राज्य नकाशावरून नाहीसे होऊन मध्य प्रदेशात विलीन झाले. उज्जैनमधील एका बसस्थानकाला आज त्यांचे नाव आहे. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. शाळांच्या सहली दरवर्षी गोव्याला जातातच. मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे की बांद्याकडून जाणारी बस तेथे अर्धा तास थांबवावी आणि मुलांना सांगावे की येथे उज्जैनचा एक माणूस पडला.