उन्हात घडलेले आयुष्य आणि वडाची सावली

९ मे हा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा स्मृतिदिन. तो येतो ऐन उन्हाळ्यात. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत रान भाजून निघत असते, तेव्हा. भाऊरावांचे सारे काम याच मुलखात, बऱ्याच अंशी उघड्या आभाळाखाली झाले. त्वचेचे आणि उन्हाचे नाते वयानुसार कसे बदलते, हे समजून घ्यायला त्यांचे चरित्र उपयोगी पडते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजला झाला. घराण्याचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. चारचौघा खेड्यातल्या पोरांसारखे भाऊरावांचे बालपण गेले.

बालपणीचे ऊन त्वचा विसरत नाही. सूर्याचे अतिनील किरण पेशींच्या गाभ्यातील जनुकीय द्रव्याला इजा करतात. शरीर त्यातली बरीचशी इजा दुरुस्त करते, पण काही शिल्लक राहते आणि वर्षानुवर्षे साठत जाते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला थेट उन्हात ठेवू नये. त्याला क्रीमपेक्षा सावली आणि अंगभर सुती कपडे बरे. मोठ्या मुलांना खेळू द्यावेच, मात्र सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर ऊन तीव्र आहे असे समजावे. ही खूण पहिलीतल्या मुलालाही शिकवता येते.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासात त्यांनी जातिभेदाविरुद्धचे विचार आत्मसात केले. मॅट्रिकची मजल काही गाठता आली नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून ते पोट भरू लागले आणि पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याआधीच मिरजेजवळच्या दुधगावात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला होता. त्यांच्या शैक्षणिक कामाचे पहिले पाऊल आजच्या सांगली जिल्ह्यात पडले.

मग आली फिरतीची वर्षे. ओगले काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी भाऊराव गावोगाव हिंडले. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर करायची तर बांधावर जावे लागे, नांगर चालवून दाखवावा लागे. या भटकंतीत त्यांनी बहुजन समाजाचे दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. नांगर विकता विकता शाळा काढण्याचा निश्चय पक्का होत गेला.

आजचे फिरते विक्रेते, ऊसतोड मजूर, द्राक्षबागेत राबणाऱ्या बाया, आशा सेविका, वाहतूक पोलीस यांचे ऊन तेच आहे. आपल्या त्वचेतले मेलॅनिन हे नैसर्गिक छत्रीसारखे काम करते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग बराच कमी आढळतो. पण ही छत्री पूर्ण झाकणारी नाही. गालांवरचे वांग गडद होणे, अकाली सुरकुत्या, मानेची कातडी जाड होणे, ओठ काळवंडणे हे उन्हाचेच परिणाम. डोळ्यांतला मोतीबिंदू वाढण्यातही अतिनील किरणांचा वाटा असतो. अंगावर कोड असेल, तर त्या पांढऱ्या डागांना मेलॅनिनचे संरक्षण नसते. ते लवकर भाजतात आणि त्यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्याला हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. मुलांची आई होऊन राहिलेल्या लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. भाऊरावांनी काम थांबवले नाही.

तोवर भाऊरावांनी खादी स्वीकारली होती. जाडीभरडी खादी आणि छातीवर रुळणारी दाढी हीच त्यांची पुढे ओळख झाली. खादी त्यांनी घेतली ती विचार म्हणून. पण घट्ट विणीचे, जाड, सैल आणि पूर्ण बाह्यांचे सुती कापड हा त्वचेच्या रक्षणाचा उत्तम आणि स्वस्त उपाय आहे. विरळ कापडातून किरण आत जातात. कापड उजेडाकडे धरून पाहावे. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल, तर ते उन्हात अपुरे. डोक्यावर गांधी टोपी असली, तरी कान आणि मान उघडेच राहतात. त्यापेक्षा मानेवर शेमला सोडलेला फेटा, डोक्यावरून घेतलेला पदर किंवा चहूबाजूंनी काठ असलेली टोपी बरी. दुचाकीवर जाणाऱ्या मुली स्कार्फ आणि सनकोट वापरतात, ते योग्यच आहे. मुलांनीही लाजू नये.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने हायस्कूल सुरू झाले. कमवा आणि शिका ही योजना येथे रुजली. मुलांनी शेती केली, श्रमाची कामे केली आणि त्या घामावर शिक्षण घेतले. विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते, तिथली पोरे शिक्षक, वकील, डॉक्टर झाली.

कष्टाला कमीपणा नाही, हे अण्णांनी शिकवले. म्हणून कष्टकऱ्याने उन्हात होरपळावे, असे मात्र नाही. शेतातली आणि रस्त्यावरची जड कामे सकाळी आणि संध्याकाळी विभागावीत, दुपारी सावलीत विसावा असावा, पाणी जवळ असावे. तरुणांनी सनस्क्रीन वापरायचे, तर एसपीएफ ३० किंवा अधिक आणि दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांना अडवणारे घ्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांवर काढलेल्या दोन रेघा एवढे मलम चेहरा आणि मानेला लागते. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ते लावावे, घाम आल्यास किंवा दर दोन तासांनी पुन्हा लावावे. गोरे करण्याच्या नावाखाली विकली जाणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे टाळावीत. त्यांनी कातडी पातळ होते आणि ऊन अधिकच बाधते. महाबळेश्वर-पाचगणीला हवा थंड असली, तरी उंचीमुळे अतिनील किरण वाढतात. तिथेही काळजी हवी.

उतारवयातही अण्णांची वणवण थांबली नाही. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली, केंद्र सरकारने पद्मभूषणने गौरवले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.

साठीनंतर त्वचा पातळ होते, तिची दुरुस्तीची ताकद घटते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांमुळे ऊन जास्त बाधते. तसे वाटल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. ओठावर, कानावर, चेहऱ्यावर महिनाभर न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, वारंवार रक्त येणारी खपली असेल, तर घरगुती लेप लावत बसू नये. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. वेळेत सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो. ड जीवनसत्त्वासाठी थोडे ऊन हवेच. त्यासाठी दुपारी तासन्‌तास तापण्याची गरज नाही. हाडे दुखत असतील, तर तपासणी करून औषध घ्यावे.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्वचारोगतज्ज्ञही उपायांची यादी सांगताना आधी सावली सांगतात, मग कपडे आणि शेवटी मलम. सावलीला पैसे पडत नाहीत, पण ती कुणीतरी आधी लावून ठेवावी लागते. जूनमध्ये शाळा उघडतील. मैदानाच्या कडेने चार झाडे लावणे, कवायतीचा तास सकाळी घेणे आणि टोपीला गणवेशात जागा देणे, एवढे प्रत्येक शाळेला जमण्यासारखे आहे.