लेकीपासून लपवलेलं नाव

अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनरविषयी वाचताना तिच्या आजारापेक्षा तिच्या आईचं मौनच मला अधिक अस्वस्थ करतं. ल्युपसमध्ये रोगजंतूंशी लढणारी शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उलटते. १९४१ मध्ये याच रोगानं तिचे वडील गेले. ती तेव्हा १५ वर्षांची होती. १९५० च्या डिसेंबरात तीही आजारी पडली. आईला निदान कळलं, पण लेकीला संधिवात असल्याचं सांगण्यात आलं. (आपल्या घरांत तरी वेगळं काय होतं?) १९५२ मध्ये एका मैत्रिणीनं तिला खरं सांगून टाकलं. माझ्या मते तिनं योग्यच केलं.

एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी जीव वाचला, पुढे कुबड्या आल्या. जॉर्जियात मिलेजव्हिलजवळच्या शेतावर मोर पाळत, रोज सकाळी नेमानं लिहीत तिनं दोन कादंबऱ्या आणि बहुतेक गाजलेल्या कथा पुऱ्या केल्या. १९६४ च्या फेब्रुवारीत गर्भाशयातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि दबलेला ल्युपस पुन्हा उसळला. रुग्णालयात ती कथेचे कागद उशीखाली लपवून ठेवी, डॉक्टरांनी लिहायला बंदी करू नये म्हणून. ३ ऑगस्टला ती गेली. वय अवघं ३९.