साने गुरुजी : विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी वाहणारा शिक्षक

पांडुरंग सदाशिव साने यांची शाळेतील नोकरी अवघी सहा वर्षांची. जून १९२४ ते एप्रिल १९३० या काळात खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. त्यानंतर ते स्वातंत्र्य आंदोलनात उतरले आणि पुन्हा शाळेत परतले नाहीत. तरीही महाराष्ट्राने त्यांना कायम 'गुरुजी' याच नावाने ओळखले. शाळेतील मुलाच्या अभ्यासाइतकीच त्याच्या मनाचीही जबाबदारी शिक्षकावर असते, असे मानून त्यांनी काम केले.

खडतर विद्यार्थिदशा

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. एकेकाळी सुस्थितीत असलेले हे कुटुंब पुढे कर्जबाजारी झाले. दापोलीच्या मिशन शाळेत शिकत असतानाच घरची परिस्थिती बिघडत गेली. वडिलांवरील भार कमी व्हावा म्हणून पांडुरंगाने घरापासून दूर औंध संस्थानाची वाट धरली. तेथे हाताने स्वयंपाक करून आणि अनेकदा अर्धपोटी राहून त्याने शिक्षण चालू ठेवले. प्लेगच्या साथीमुळे औंधही सोडावे लागले आणि पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात प्रवेश घ्यावा लागला.

याच काळात, १९१७ साली, त्याची आई यशोदाबाई यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. ही खंत गुरुजींच्या मनात आयुष्यभर राहिली. उपासमार, संकोच, घरची ओढ आणि आईचा वियोग या साऱ्यांचा अनुभव घेतच त्यांनी १९१८ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली. पुढे पुण्यात बी.ए. झाल्यावर ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले.

अमळनेरचे छात्रालय

तत्त्वज्ञान मंदिरातील एकांताच्या अभ्यासात त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२४ मध्ये त्यांनी अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी स्वीकारली. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. येथे राहणारी मुले खेड्यापाड्यांतून आलेली, प्रथमच घर सोडून राहणारी होती. त्यांची अवस्था गुरुजींना अनुभवाने ठाऊक होती.

छात्रालयाला शिस्त लावण्यासाठी त्यांनी छडी हाती घेतली नाही. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते स्वतः झाडू घेऊन त्या स्वच्छ करीत. इतस्ततः पडलेले कपडे ते धुऊन, घड्या घालून ठेवीत आणि कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत. शिक्षकच आपली कामे करतो हे पाहून मुले ओशाळली आणि हळूहळू ती कामे स्वतः करू लागली. आजारी विद्यार्थ्याच्या उशाशी गुरुजी रात्र जागून काढीत. गरीब विद्यार्थ्यांना आपल्या पगारातून मदत करताना तिचा गाजावाजा होणार नाही याचीही ते काळजी घेत, कारण मदत घेणाऱ्या मुलाचा स्वाभिमान दुखावला जाऊ नये असे त्यांना वाटे.

छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. थोरांची चरित्रे, देशोदेशींच्या घडामोडी, कथा आणि छात्रालयातील रोजच्या प्रसंगांवरील विचार त्यात असत. कोणाचे चुकले तर त्याला चारचौघांत बोल लावण्याऐवजी लेखनातून समज देण्याचा मार्ग त्यांना पसंत होता. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली होती. मारिया माँटेसरी यांच्या विचारांच्या प्रेरणेने भय आणि शिक्षा यांपासून मुक्त अशा बालशाळांचा प्रसार हा संघ करीत होता. गुरुजींनी कोणत्याही पद्धतीचे शास्त्र मांडले नाही. मुलांशी असलेले आईसारखे नाते हाच त्यांच्या कामाचा पाया होता.

तुरुंग, लेखन आणि समाज

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सामील झाले. धुळे, त्रिचनापल्ली आणि नाशिक येथे त्यांनी कारावास भोगला. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' या पुस्तकाचे बहुतांश लेखन केले. मुलाच्या मनात भीती, हट्ट, लाज आणि करुणा कशी घडते, याचे चित्रण या पुस्तकात आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे यासाठी गुरुजींनी उपोषण केले. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, असे त्यांचे स्वप्न होते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना या विचाराचे महत्त्व सहज उमगते. जबलपूरच्या मराठी घरातील मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत किंवा बडा फुहाऱ्याच्या बाजारात हिंदी. दोन्हीकडे आपलेपणा लाभला तरच ते मूल मोकळे होते.

अखेर आणि आजचा प्रश्न

इतरांच्या दुःखाने व्याकूळ होणारे गुरुजी स्वातंत्र्यानंतरच्या काळात अधिकाधिक खिन्न होत गेले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. असंख्य मुलांना धीर देणाऱ्या या शिक्षकाच्या मनाला मात्र वेळीच आधार मिळू शकला नाही. एका व्यक्तीच्या मायेवर सारी भिस्त ठेवणे मुलांसाठी अपुरे आणि त्या व्यक्तीसाठीही जड असते, हे त्यांच्या जीवनातून दिसते.

सामाजिक-भावनिक शिक्षण ही संज्ञा १९९० च्या दशकात अमेरिकेतून पुढे आली. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिची दखल घेतली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. अमळनेरच्या छात्रालयात एकट्या गुरुजींनी जे काम मायेपोटी केले, ते आता संस्थेचे कर्तव्य ठरले आहे. ते पार पाडताना मुलांबरोबरच शिक्षकांच्या मनाचाही विचार होणे आवश्यक आहे.

मानसिक तणावाच्या प्रसंगी केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य संपर्क साधता येतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.